बीपीची म्हणून सांगितलेली गोळी

खोकला झाला होता सोजराबाईंना, पण घोर लागला होता उकंडरावांना. सर्दी कधीच गेली होती, ताप तर आलाच नव्हता. मागे राहिला होता तो नुसता कोरडा ठसका. बोलायला तोंड उघडलं की ठसका, चुलीपुढे बसलं की ठसका, जरा अंग टाकलं की पुन्हा ठसका. खोकून खोकून बाईच्या बरगड्या दुखायला लागल्या. एरवी उकंडरावांनी अद्रकाच्या काढ्यावरच निभावून नेलं असतं. अद्रक घरचंच होतं. धाड गावच्या शिवारातल्या त्यांच्या मळ्यात मिरची, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि कडेच्या पट्ट्यात अद्रक असं सगळं थोडंथोडं पिकत असे. पण रविवारी बीबी गावाहून पाहुणे यायचे होते.

पाहुणे म्हणजे गुलाबराव आणि त्यांच्या घरच्या कलाबाई. त्यांच्या कुलदीपनं समीक्षाला पसंत केलं होतं, समीक्षानंही आढेवेढे न घेता होकार दिला होता. आता मोठ्यांनी बसून साक्षगंधाची म्हणजे साखरपुड्याची तारीख तेवढी धरायची होती. समीक्षा ही उकंडरावांची एकुलती एक, बी.कॉम. होऊन धाडमधल्याच एका पतसंस्थेत कामाला लागलेली. असं मनाजोगतं स्थळ पुन्हा दारात येईलच याचा भरवसा नव्हता. आणि नेमक्या अशा वेळी पोरीची आई पाहुण्यांपुढे खोकत बसली तर ते मनात काय काय आणतील, हे उकंडराव रोज निंदणी करता करता आठवून पाहत, आणि दर वेळी टीबीपाशी येऊन थांबत.

शेवटी ते अविनाशच्या मेडिकलवर गेले. अविनाश तसा ओळखीतला, घाई न करणारा माणूस. खोकला कोरडा की कफ पडतो, कधीपासून आहे, ताप येतो का, वजन उतरलं का, थुंकीत कधी रक्त दिसलं का, असं त्यानं एकेक विचारून घेतलं. मग म्हणाला, "वहिनीले अजून कोणती गोळी चालू आहे काय?"

"बीपीची," उकंडराव म्हणाले.

हे उत्तर त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं, की ते खोटं आहे हे त्यांनाही आता वेगळं आठवावं लागत नसे.

दोन वर्षांपूर्वी सोजराबाईंना एक विचित्र दुखणं जडलं होतं. कारण काहीच नव्हतं. घरात कुणी गेलं नव्हतं, कशाची तूट नव्हती. तरी बाई एकाएकी मळ्यात यायच्या बंद झाल्या. उंबऱ्याशी बसून रस्त्यानं येणारी प्रत्येक जीप पाहायच्या आणि ती पुढे गेली की पदरानं घाम पुसायच्या. जीपमधून कुणीतरी वाईट बातमी घेऊन उतरेल असं त्यांना वाटे. छातीत धडधड होई, हातपाय गार पडत, जेवण जाईना. उकंडरावांनी आधी देवाचं केलं, मग हृदयाचं तपासून घेतलं. दोन्हीकडून काही निघालं नाही, तेव्हा बुलढाण्याच्या मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रोज सकाळी घ्यायची एक गोळी दिली. पहिले काही आठवडे काहीच झालं नाही, आणि मग एका सकाळी सोजराबाई स्वतःहून खुरपं घेऊन मळ्यात आल्या. तेव्हापासून गोळी चालू होती. मनाच्या डॉक्टरची गोळी असं गावात सांगणं बरं दिसणार नाही, म्हणून ती बीपीची झाली. शेजारणींना बीपीची, भावकीला बीपीची, समीक्षालाही बीपीचीच.

अविनाशनं ते ऐकून हातात घेतलेली एक बाटली परत फळीवर ठेवली. त्या बाटलीत नाक मोकळं करायचं औषध मिसळलेलं होतं आणि त्यानं बीपी चढतं, असं त्यानं सांगितलं. दुसरी बाटली काढून दिली. हिच्यात खोकला दाबायचं एकच औषध आहे, बीपीवाल्यांना चालण्यासारखं आहे, असं तो म्हणाला.

उकंडरावांनी बाटली उजेडाकडे धरून पाहिली. खोकल्याची औषधं पिऊन झिंगणाऱ्या पोरांच्या गोष्टी त्यांनी बाजारात ऐकल्या होत्या. त्यांनी विचारलं, "याच्यात नशा तं नाही ना?"

"नशेचं ते कोडीनवालं. ते अफूच्या जातीचं. हे त्यातलं नाही," अविनाश म्हणाला. "पण म्हणून पाण्यासारखं पेऊ देऊ नका. झाकणानं मोजूनच द्या. याच्यासंगं दुसरं कोणतं खोकल्याचं औषध नोको. आन् फरक नाही पडला तं डॉक्टरले दाखवा."

एवढ्या बोलण्यातून उकंडरावांनी घरी नेलं ते एकच: नशा नाही.

तिकडे समीक्षा पतसंस्थेच्या कामानं बुलढाण्याला गेली होती. आईचा ठसका तिच्याही कानात बसला होता. तिनं येताना स्टँडजवळच्या दुकानातून सर्दीखोकल्याची एक बाटली आणली. वडिलांच्या बाटलीतलं औषध हिरवट होतं, हिचं लालभडक. नावं वेगळी, खोकी वेगळी. दोन्हींच्या मागे बारीक अक्षरात एकाच औषधाचं नाव छापलेलं होतं, पण ते वाचायला चष्मा लागला असता आणि चष्मा लावायचं कुणाच्या मनात आलं नाही. सोजराबाईंनी दोन्ही बाटल्या देवळीत शेजारी शेजारी ठेवल्या. नवऱ्यानं प्रेमानं आणलेलं घ्यावं तर लेकीला काय वाटेल, आणि लेकीचं घ्यावं तर नवऱ्याला, म्हणून त्या दोन्ही घेऊ लागल्या. झाकणं धुताना कुठेतरी पडली, मग चमच्यानं, आणि चमचा हाताशी नसला की सरळ बाटली तोंडाला लावून.

खोकला मात्र थांबला. उकंडरावांना वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

शनिवारी घर सारवून झालं, फराळाचं झालं. दुपारी उकंडराव मळ्यातून सांबाराच्या जुड्या घेऊन आले, तर सोजराबाई ओट्यावर बसून पाय हलवत होत्या. पाय हलवणं असं नव्हे, पाय आपोआप हलत होता आणि त्या त्याच्याकडे पाहत होत्या. थंडीचे दिवस, तरी कपाळावर घाम. हातातला पापडाचा डबा त्यांनी एकदा फडताळात ठेवला, परत काढला, परत ठेवला. उकंडरावांनी विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, उद्याचं टेन्शन आहे. संध्याकाळी त्यांनी समीक्षाला दोनदा आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. ती बहीण जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. समीक्षा हसली. उकंडरावांना मात्र हसू आलं नाही.

त्यांना जे वाटलं ते कुणालाही वाटलं असतं. जुनं दुखणं उलटलं. तसा घाम, तशी धडधड, तसंच अस्वस्थ होणं. पण तेव्हा बाई गप्प गप्प होत्या आणि आता एका जागी बसत नव्हत्या, हा फरक त्यांना कळत होता आणि त्याचा अर्थ लागत नव्हता. रात्र तशीच गेली. डॉक्टरला फोन करावा तर आता रविवार, आणि घरात समीक्षा. सकाळी सोजराबाईंनी आपली गोळी घेतली. थोड्या वेळानं उकंडरावांनी त्यांना मागच्या पडवीत बोलावलं आणि स्वतःच्या हातानं आणखी एक गोळी दिली. आज एक दिवस निभावलं म्हणजे झालं, असा त्यांचा हिशेब. सोजराबाईंनी गोळी घेतली, पाणी प्यायल्या, आणि भांडं ठेवायच्या ऐवजी छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या.

पाहुणे आले ते स्वतःच्या गाडीनं. गुलाबराव उंच, कमी बोलणारे. कलाबाई ठेंगण्या, सगळीकडे नजर फिरवणाऱ्या. कुलदीप आला नव्हता. पाणी झालं, खुशाली झाली, कांद्याच्या भावाची चौकशी झाली. सोजराबाई चहा घेऊन आल्या तेव्हा कपबशा ट्रेमध्ये वाजत होत्या. त्यांनी गुलाबरावांना चहा दिला आणि आत गेल्या. पुन्हा चहा घेऊन आल्या आणि पुन्हा गुलाबरावांनाच दिला. गुलाबरावांनी तोही घेतला. मग सोजराबाई कलाबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या, त्यांचा हात धरला आणि फार मायेनं म्हणाल्या, "बकरी बांधली काय वं बाई? वासरू तं नाही पेलं तिचं?"

कलाबाईंनी उकंडरावांकडे पाहिलं. उकंडरावांनी समीक्षाकडे. समीक्षा दाराच्या चौकटीत फराळाची ताटली घेऊन तशीच थबकली.

"झोप नाही झाली तिची," उकंडराव म्हणाले.

"असं," कलाबाई म्हणाल्या. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. मग त्यांनीच हळूच पुढे सांगितलं, "हात लय गरम आहे हो यांचा."

सोजराबाई उठायला गेल्या. गुडघे थडथडत होते, जबडाही. डोळे मोठे झाले होते आणि भिंतीवरून भिंतीवर फिरत होते, जणू खोलीत माश्या भरल्या आहेत. दोन पावलं टाकून त्या दाराला धडकल्या आणि समीक्षाच्या अंगावर कलंडल्या. ताटलीतले चिवड्याचे दाणे सगळ्या बैठकीत पसरले.

पुढचं इतक्या घाईनं झालं की उकंडरावांना ते नंतर कधीच नीट ओळीनं आठवलं नाही. गुलाबरावांनी गाडी दाराशी लावली होती. मागच्या सीटवर कलाबाईंच्या मांडीवर सोजराबाईंचं डोकं होतं आणि समीक्षा त्यांचे पाय धरून बसली होती. स्वतः उकंडराव पुढे बसले होते आणि बुलढाण्याचा ओळखीचा रस्ता त्यांना अनोळखी वाटत होता. तारीख धरायला आलेले पाहुणे आपल्या बायकोला दवाखान्यात नेत आहेत, याची लाज वाटावी की उपकार वाटावेत हेही त्यांना ठरवता येईना. समीक्षाच्या पर्समध्ये देवळीतल्या दोन्ही बाटल्या होत्या. त्या तिनं का उचलल्या हे तिलाही सांगता आलं नसतं. निघताना हाताला लागल्या, घेतल्या.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिनं नाडी पाहिली, ताप पाहिला, डोळ्यात उजेड टाकला, गुडघ्यावर हातोडी मारली तेव्हा पाय उसळला आणि उसळतच राहिला. बीपी मोजलं. मग बाटल्या पाहिल्या, मागची बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, हे दोन्ही घेत होत्या का. समीक्षानं हो म्हटलं.

"याशिवाय रोजची कुठली गोळी?"

"बीपीची आहे," समीक्षा म्हणाली.

"नाव काय तिचं?"

समीक्षाला नाव माहीत नव्हतं. तिनं वडिलांकडे पाहिलं. पलंगाच्या पायथ्याशी गुलाबराव उभे होते, खिडकीशी कलाबाई. उकंडराव म्हणाले, नाव नाही आठवत. डॉक्टर म्हणाली की दोन बाटल्यांमुळे औषध दुप्पट झालं हे खरं, पण एवढ्यानं अंग असं ताठ होत नाही, असा ताप येत नाही. काहीतरी अजून असलं पाहिजे. ते कळलं नाही तर तिला अंधारात उपचार करावे लागतील. तिनं पुन्हा विचारलं.

उकंडरावांनी पाहुण्यांना बाहेर थांबायला सांगायचं मनात आणलं. पण ज्यांच्या गाडीतून आलो, ज्यांच्या लुगड्यावर अजून सोजराबाईंच्या घामाचे डाग आहेत, त्यांना बाहेर जा कसं म्हणायचं? आणि बाहेर जा म्हटलं की तिथेच सगळं कळलं. त्यांना एवढंच कळत होतं की एका बाजूला पोरगी आहे आणि दुसऱ्या बाजूला बायको आहे, आणि दोघीही याच खोलीत आहेत. पलंगावर सोजराबाई हवेत काहीतरी निवडत होत्या, तांदूळ निवडावेत तसं.

"ते बीपीची नाही," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की डॉक्टरला ऐकू गेला नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. "बीपीची नाही ते गोळी. मनाची आहे. घबराटीची. दोन वर्षं झाले. आज सकायी म्या एक जास्तीची देल्ली तिले."

डॉक्टरनं गोळी देणाऱ्या डॉक्टरांचं नाव विचारलं, बाहेर जाऊन त्यांना फोन लावला, आणि परत आली ती सुई भरायला सांगतच. सलाइन लागलं. अंगातला ताठरपणा उतरवायचं इंजेक्शन दिलं. ओल्या पट्ट्या ठेवल्या. गुलाबराव कधीतरी बाहेर निघून गेले होते. कलाबाई मात्र तिथेच होत्या आणि नर्सनं मागितल्यावर पट्ट्या पिळून देत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून उकंडरावांना काहीही वाचता येत नव्हतं.

सोजराबाई झोपल्या तेव्हा डॉक्टरनं उकंडरावांना आणि समीक्षाला बसवून सांगितलं. खोकला गळ्यात होतो खरा, पण खोकायचा हुकूम सुटतो तो मेंदूतून. या औषधाचं नाव डेक्स्ट्रोमेथॉर्फन. ते त्या हुकमाच्या जागी जाऊन तिला जरा शांत करतं, म्हणून कोरडी ढास थांबते. कफ पडत असेल तर हे द्यायचं नसतं, कारण कफ बाहेर यायलाच हवा. आणि खोकला थांबला म्हणजे खोकल्याचं कारण गेलं असं नाही. हे औषध अफूच्या जातीचं नाही, ठरलेल्या मापात घेतलं तर बहुतेकांना सोसतं.

उकंडराव तिथेच अडकले. "पण दुकानवाला तं बोल्ला, याच्यात नशा नाही."

"नाहीच. खरं सांगितलं त्यांनी."

"मंग गयाचं औषध डोक्यात काऊन गेलं?"

"ते डोक्यातच काम करतं, काका. नशा नसणं वेगळं आणि मेंदूपर्यंत न जाणं वेगळं." मग डॉक्टर सोपं करून म्हणाली, "मनाच्या गोळीनं मेंदूत एक द्रव्य वाढतं. त्यानंच काकूंना बरं वाटत होतं. हे खोकल्याचं औषधही तेच द्रव्य वाढवतं, एरवी थोडंसंच. पण ही गोळी त्या औषधाला अंगातून लवकर निघू देत नाही. त्यात दोन बाटल्या, त्यात सकाळची दुसरी गोळी. सगळं साचत गेलं."

म्हणजे आपण चांगल्यासाठी दिलेली प्रत्येक गोष्ट उलटी पडली, एवढं उकंडरावांना समजलं. पण कुठली पडायला नको होती हे समजेना. खोकला दाबणं चूक होतं? की गोळी? डॉक्टर म्हणाली, दोन्ही औषधं आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक एवढीच, की एकाला दुसऱ्याची खबर नव्हती. ती देणं माणसाच्या हातात असतं. मेडिकलवाल्याला खरी गोळी सांगितली असती तर त्यानं ही बाटली दिली नसती. उकंडरावांना अविनाशनं फळीवर परत ठेवलेली पहिली बाटली आठवली. बीपी समजून त्यानं ती टाळली होती आणि नेमकी ही दिली होती.

डॉक्टर गेल्यावर समीक्षानं विचारलं, "मले काऊन नाही सांगतलं, बाबा?"

तुझ्या सोयरिकीत आडवं येईल म्हणून, असं ते म्हणाले.

"दोन वर्षांपूर्वी माही सोयरीक होती काय?"

समीक्षा उठून आईजवळ जाऊन बसली. माहीत असतं तर मी ती लाल बाटली आणली असती का, हे ती मोठ्यानं म्हणाली नाही, पण उकंडरावांना ते ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप उतरला, थरथर गेली, आणि सोजराबाईंनी घर उघडं टाकून आलात काय असं विचारलं तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांना रविवारचं काहीच आठवत नव्हतं. मनाच्या डॉक्टरांनी गोळी काही दिवस थांबवायला सांगितली आणि मग पुन्हा सुरू करून दिली, मात्र कधी थांबायचं आणि कधी घ्यायची हे आपणच सांगू, घरच्यांनी ठरवायचं नाही, अशी तंबी देऊन. खोकल्याला वेगळं औषध मिळालं. थुंकी आणि छातीचा फोटो तपासला, त्यात काही निघालं नाही. सर्दीनंतर असा ठसका काही आठवडे रेंगाळतोच, असं कळलं. घरी आल्यावर तो पुन्हा थोडाथोडा सुरू झाला. या वेळी कुणी त्याच्या मागे लागलं नाही.

एक दिवस ओट्यावर वांग्याची प्रतवारी करताना उकंडरावांनी सोजराबाईंना सगळं सांगितलं. बकरीचंही सांगितलं. सोजराबाई आधी हसल्या. मग म्हणाल्या, "बीपीची म्हणून सांगायचं तुम्हीच ठरवलं होतं."

"म्या? तू म्हणली होती, लोक काय म्हणतीन म्हणून."

"म्या नाही म्हणली. म्या म्हणली होती, सांगू तं काय सांगू. तुम्ही बोल्ले, बीपीची म्हण."

उकंडरावांनी हातातलं वांगं खाली ठेवलं. त्यांना ती दुपार स्पष्ट आठवत होती. बुलढाण्याहून परत येताना एसटीत सोजराबाई खिडकीशी बसल्या होत्या आणि त्या म्हणाल्या होत्या, कुणाले सांगू नका. हे त्यांनी सांगितलं. सोजराबाई म्हणाल्या, एसटीत आपण एकत्र बसलोच नव्हतो, तुम्हाले मागची जागा मिळाली होती. आता तेही त्यांना आठवल्यासारखं झालं. खरंच, मागच्या सीटवर कोंबड्यांची टोपली घेतलेला एक माणूस शेजारी होता. पण मग कुणाले सांगू नका हे कोण म्हणालं होतं?

बीबीहून काही निरोप नव्हता. समीक्षा रोज पतसंस्थेत जायची, यायची. कुलदीपचा फोन येत होता, पण बोलणं काय होतं ते ती सांगत नसे. उकंडराव अधूनमधून मोबाइल हातात घेऊन गुलाबरावांचा नंबर काढत आणि परत ठेवत. एकदा ते अविनाशकडे जाऊन आले आणि गोळीचं खरं नाव सांगून आले. अविनाशनं ऐकून घेतलं, बराच वेळ काउंटर पुसत राहिला, आणि म्हणाला की त्यानंही चिठ्ठी पाहायला मागायला पाहिजे होती. उकंडराव म्हणाले, मागितली असती तरी मी दिली नसती. दोघंही मग थोडा वेळ उगाच हवामानाबद्दल बोलले.

आणि एका बाजाराच्या दिवशी गुलाबराव धाडच्या बाजारात उकंडरावांच्या ढिगापुढे येऊन उभे राहिले. त्यांनी मिरची पाहिली, एक मोडून वास घेतला, इहीणबाईची तब्येत विचारली. उकंडरावांनी बरी आहे म्हटलं. मग गुलाबरावांनी पौष लागायच्या आधीची एक तारीख सांगितली, बीबीतच करू, आमच्याकडे मंडप टाकायला जागा आहे, असं म्हणाले.

"तुमाले काही इचारायचं नाही काय?" उकंडरावांनी विचारलं.

गुलाबरावांनी मोडलेली मिरची ढिगाच्या कडेला ठेवली. "कुलदीपची माय म्हणते होऊ द्या. पोरगंही म्हणते होऊ द्या." ते थांबले. "माहं म्हणाल तं मले अजून समजलं नाही. पण होऊ द्या."

यात आनंद मानायचा की धास्ती, हे उकंडरावांना घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही. समीक्षाला सांगितलं तर ती म्हणाली, मला माहीत आहे, कुलदीपला मीच सांगितलं होतं की काय ते या आठवड्यात कळव, नाहीतर मी वाट पाहणार नाही. उकंडरावांना हे नवीनच होतं. आपल्या घरात आपल्याला न कळता किती गोष्टी चालतात याचा त्यांना अचंबा वाटला, आणि लगेच हेही आठवलं की तक्रार करायला तोंड नाही.

साक्षगंध बीबीला झालं. सकाळी मंडपात नाश्ता चालू असताना सोजराबाईंनी बायकांच्या पंगतीत पिशवीतून गोळीची पट्टी काढली. उकंडराव पलीकडे पुरुषांत बसले होते. त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. कुलदीपच्या कोणा मावशीनं वाकून विचारलं, कशाची हो ही गोळी? शुगरची काय?

"नाही वं माय," सोजराबाई म्हणाल्या. "मन घाबरते माह्यं. त्याची आहे."

मावशी "अस्सं" म्हणाली. तिनं जिलबीची ताटली सोजराबाईंकडे सरकवली आणि वाढणाऱ्या पोरीला पाणी आण म्हणून सांगितलं. मग ती दुसऱ्या बाजूच्या बाईकडे वळून हळू आवाजात काहीतरी बोलू लागली. ते गोळीबद्दल होतं की बांगड्यांबद्दल, हे उकंडरावांना इतक्या लांबून ऐकू येईना. त्यांनी कलाबाईंकडे पाहिलं. त्या आंब्याची डहाळी सरळ करत होत्या. गुलाबराव भटजींशी बोलत होते. सोजराबाईंनी गोळी घेतली, वर पाणी प्यायल्या, आणि जिलबीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

काहीतरी मोठं घडलं की काहीच घडलं नाही, याचा उकंडरावांना अंदाज येईना. शेजारी बसलेल्या माणसानं त्यांना अजून एक वाटी उसळ घ्या म्हटलं. त्यांनी हो म्हटलं.